कुणाचीच पाळी येत नाही तेव्हा

'पाळी' हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो! कारखान्यातली रात्रपाळी, तुळजापूरच्या देवळातले पाळीकर पुजारी, कालव्याच्या पाण्याची पाळी, पेरणीआधी रानाला घातलेली कुळवाची पाळी. बहुतेक ठिकाणी अर्थ एकच, क्रमानं येणारा वार, ज्याचा त्याचा नंबर. बाईच्या महिन्याच्या रक्तस्रावालाही आपण हाच शब्द लावतो. चौदाव्या वर्षापासून मी तो बोलत होते, पण त्यातला 'नंबर' मला नीट ऐकू आला तो तिशीत, सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत. दीड वर्षापासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करत होतो. पडद्यावर बीजकोशाच्या कडेनं बारीक काळे ठिपके माळेत ओवल्यासारखे दिसत होते. 'पीसीओडी आहे' एवढं ऐकून मी रिपोर्ट घेऊन घरी आले. गाठी आहेत म्हणे, असं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी काळजीनं विचारलं, "मग काढाव्या लागतील का गं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पीसीओडी म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हेरियन डिसीज, त्यालाच पीसीओएसही म्हणतात. नावातच सिस्ट आहे, आणि सिस्ट म्हटलं की गाठ. १९३५ साली शिकागोतल्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या डॉक्टरांनी या दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांचाही इलाज कापण्याचाच होता. सात बायका, पाळी बंद, बीजकोश सुजल्यासारखे मोठे. त्यांनी बीजकोशाचा बराचसा भाग पाचर काढावी तसा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. बीज फुटायला लावणाऱ्या गोळ्या येईपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, हाच मुख्य उपाय राहिला. पण ते ठिपके गाठी नव्हतेच. दोन ते नऊ मिलिमीटरच्या त्या पिशव्या असतात, डॉक्टर त्यांना फॉलिकल म्हणतात, आणि प्रत्येकीत एक स्त्रीबीज असतं, अर्ध्या वाटेवर थांबलेलं. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की हे नावच दिशाभूल करतं, ते बदलायला हवं.

ती बीजं का थांबतात हे मला पाण्याच्या भाषेत उमगलं, कारण मी कालव्याच्या मुलखात वाढले. महिन्याच्या सुरुवातीला मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक जास्त सोडते. ते आवर्तन सुटलं असं समजा. पाणी चढतं तशा बीजकोशातल्या बऱ्याच पिशव्या एकदम वाढीला लागतात. मग पाणी उतरतं. हे उतरणं फार मोलाचं आहे. तोवर जिची मुळं खोल गेली तीच थोड्या पाण्यावर तग धरते, बाकीच्या सुकतात. उरलेली एक रोज साधारण दोन मिलिमीटरनं वाढते, वीसच्या आसपास पोचली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. तिची पाळी आली. गर्भ राहिला नाही तर साधारण चौदा दिवसांनी गर्भाशयाचं अस्तर गळतं, ती आपण कॅलेंडरवर लिहितो ती पाळी. म्हणजे एका महिन्यात दोन पाळ्या असतात. आतली आधी येते आणि बाहेरची तिच्यामागून.

पीसीओएसमध्ये पाणी नीट चढतही नाही आणि उतरतही नाही. सगळ्या रानाला सारखी बारीक धार चालू राहते. तिच्यावर कुणी लगेच मरत नाही आणि कुणी पिकतही नाही. इतक्या पिशव्या एकत्र थांबल्या की त्यांच्यातून एएमएच हे संप्रेरक जास्त स्रवतं, आणि ते प्रत्येकीची पाण्याची ओढ कमी करतं. गर्दीच गर्दीची वाट अडवते. त्यातच पिट्युइटरीचं दुसरं संप्रेरक, एलएच, गरजेपेक्षा भरभर सुटत असतं आणि पुष्कळ जणींच्या रक्तात इन्शुलिन चढलेलं असतं. दोन्ही मिळून बीजकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतात. हनुवटीवरचे राठ केस, तिशीतही न जाणारे मुरुम आणि आत खोळंबलेलं बीज यांचं मूळ बरंचसं एकच आहे. वर्षानुवर्षं आपण ही दुखणी वेगवेगळ्या दारांत घेऊन जातो, केसांसाठी पार्लर, मुरुमांसाठी त्वचेचे डॉक्टर आणि मुलासाठी तिसरीकडे.

एवढं समजलं तेव्हा माझ्या मनातला एक शब्द गळून पडला. 'वांझ' हा तो शब्द. आमच्या घरात तो कुणी उच्चारला नव्हता, पण हळदीकुंकवाला जाताना तो मीच सोबत घेऊन जायचे. या दुखण्यात बीजांचा तुटवडा नसतो. एएमएचचा आकडा जास्त येतो तो साठा भरपूर असल्यामुळेच. अडलेलं असतं ते क्रमाचं काम, कुणाला तरी पुढे काढण्याचं. 'माझ्यात काही नाही' आणि 'माझ्यात आहे, पण पाळी लागत नाही' या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे त्या वाटेनं गेलेल्या बाईलाच विचारावं.

पण क्रम मोडला की काळही मोडतो, आणि रोजचा त्रास तिथेच आहे. आपल्याकडे गर्भ राहण्याची सगळी भाषा दिवसांची. दिवस जातात, दिवस भरतात, पाळी चुकते आणि घरात आनंद होतो. पीसीओएस असलेल्या बाईची पाळी चाळीस दिवसांनी येते, साठ दिवसांनी येते, कधी चार महिने येतच नाही. पस्तिसाव्या दिवशी ती गुपचूप तपासणीची पट्टी आणते. एकच रेघ. बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा एकच. इतरांना शुभ असणारी खूण तिच्यापुरती मुकी झालेली असते.

मग ती उसन्या कॅलेंडरवर जगायला लागते. चौदाव्या दिवसाचा सल्ला सगळ्यांच्या तोंडी असतो. तो अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे. बीज फुटल्यापासून पाळी येईपर्यंतचे दिवस बहुतेकींचे चौदाच्या आसपास असतात, बदलतो तो आधीचा टप्पा. साठ दिवसांची पाळी असेल तर बीज फुटलंच तर सेहेचाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला, आणि चौदाव्या दिवसाची ती अवघडलेली रात्र वाया. बीज फुटलं का हे पाहणारी प्रोजेस्टेरॉनची एकविसाव्या दिवसाची रक्ततपासणीही अशीच. ती पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी व्हायला हवी. लांब पाळीत एकविसाव्या दिवशी केली तर ती काही न सांगता नापास करते. केमिस्टकडचं ओव्ह्युलेशन किट एलएच मोजतं आणि ते तर आपल्यात पुष्कळदा आधीच चढं असतं, म्हणून पट्टी पुन्हा पुन्हा खोटी आशा दाखवते. बीज फुटल्यावर फार तर एक दिवस टिकतं, शुक्राणू तीन ते पाच दिवस. म्हणून ज्यांना दिवस ठरवता येत नाही त्यांनी दिवस ठरवूच नये, दोन-तीन दिवसांआड जवळ यावं, एवढाच साधा सल्ला मला शेवटी उपयोगी पडला. तो लवकर मिळाला असता तर आमच्या घरातल्या कितीतरी रात्री परीक्षेसारख्या गेल्या नसत्या.

गोळ्या घेऊन आणलेल्या पाळीबद्दलही बोललं पाहिजे. दहा दिवस गोळ्या, त्या थांबल्या की आठवड्याभरात पाळी, आणि घरात सगळे म्हणतात, आता सुरळीत झालं. बाहेरची पाळी आली खरी, पण तिच्याआधी आत कुणाची आलेली नसते. तरी त्या गोळ्या टाळू नयेत. महिनोन्महिने न गळलेलं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यातून कर्करोगाचाही धोका वाढतो. म्हणून तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. फक्त तिला सुरळीत म्हणू नये, एवढंच.

खरी पाळी लावण्यासाठी आज आधी दिली जाते ती लेट्रोझोल. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायची गोळी. ती शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक थोडा काळ खाली आणते, मेंदूला कमतरता जाणवते आणि एफएसएचचं पाणी जोरात सुटतं. गोळ्या थांबल्या की काही दिवसांत औषधाचा असर ओसरतो आणि पाणी पुन्हा उतरतं. चढणं आणि उतरणं दोन्ही परत मिळाल्यामुळे बहुतेक वेळा एकच पिशवी पुढे निघते. ही मुळात स्तनाच्या कर्करोगाची गोळी, आणि पाकिटातला कागद वाचून कितीतरी जणी ती परत ठेवून देतात. भारतात २०११ साली या वापरावर बंदीही आली होती, ती नंतर उठली. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच पाळ्यांपर्यंत औषध दिल्यावर लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफिनवर १९.१ टक्के. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण दुसऱ्या महिन्यात पाळी आली की आपण हरलो असं वाटतं. चांगल्यातली चांगली गोळी पाच फेऱ्यांत शंभरातल्या सत्तावीस-अठ्ठावीस जणींना मूल देते. उरलेल्यांचं काही चुकलेलं नसतं. त्यांच्यासाठी पुढे इंजेक्शनं आहेत, आयव्हीएफ आहे. इंजेक्शनांनी मात्र एकदम अनेक पिशव्या पुढे धावू शकतात, म्हणून तिथे फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे पिशव्यांची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफीची, एकही फेरी चुकवू नये.

वजनाचं थोडक्यात सांगते. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना पाच ते दहा टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो, हे खरं आहे. पण बारीक बायकांनाही पीसीओएस असतो, आणि याच दुखण्यात वजन उतरवणं पुष्कळ जणींना जड जातं. 'आधी वजन कमी कर, मग ये' असं सांगून बाईला घरी पाठवणं मला अन्याय वाटतो.

आणि आता घरातली पाळी. धाकट्या जावेच्या डोहाळजेवणात माझी ओटी भरताना एक आत्या म्हणाल्या, "आता पाळी तुझी हं." मायेनंच म्हणाल्या होत्या. मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच वाट्या मोजत बसले. दीड वर्ष माझं रक्त, माझी सोनोग्राफी, माझ्या गोळ्या चालू होत्या. यांची वीर्यतपासणी तोवर झालीच नव्हती, कारण कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. दोष माझ्या नावावर छापून आला होता ना. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा सोबतीनं असतं. बायकोला पीसीओएस निघाला म्हणून नवरा आपोआप पास होत नाही.

माझं पुढे काय झालं ते इथे सांगत नाही. मूल झालं असं लिहिलं तर वरचं सगळं खरं वाटेल, नाही झालं असं लिहिलं तर खोटं, आणि ते दोन्हीही बरोबर नाही.

तुमच्या हातात आजच असा रिपोर्ट आला असेल तर पाळीच्या तारखा एका वहीत लिहायला लागा, साखर तपासून घ्या, कारण गरोदरपणातही तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि पहिली गोळी घेण्याआधी नवऱ्याला सांगा, की या आठवड्यात लॅबमध्ये जायची पाळी त्याची आहे.