बरणीतला चिखल

आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी परवा एक फॉरवर्ड टाकला. 'ग्रीनलँडच्या बर्फाखाली झाडं सापडली! तेव्हा ना गाड्या होत्या, ना कारखाने. मग आताच कशाला बोंबाबोंब?' खाली लोकमान्यांचा फोटो आणि 'टिळकांनी १९०३ सालीच सांगून ठेवलंय' अशी ओळ. चौघांनी अंगठे दिले, एकाने हात जोडले.

पंचाईत अशी, की बातमी खोटी नाही. खोटी असती तर दुर्लक्ष करून मोकळं होता आलं असतं. झाडं सापडलीच आहेत. फक्त त्यावरून काढलेला अर्थ उफराटा आहे, आणि तो काढणारे एकटे आमचे काका नाहीत.

आधी टिळकांचं. 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहिताना त्यांच्यापुढे त्या काळचं भूशास्त्र होतं. शेवटचं हिमयुग संपून ऐंशी हजार वर्षं झाली हा शास्त्रज्ञ क्रोल यांचा हिशेब त्यांनी नाकारला आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञांचा दहा हजारांच्या आसपासचा आकडा धरला. आज आपण सुमारे ११,७०० म्हणतो. म्हणजे त्या निवडीत गणिताच्या माणसाची नजर होती. पण हिमयुगाच्या आधी ध्रुवावर सौम्य हवा होती आणि बर्फाने येऊन ती संपवली, ही मांडणी मात्र टिकली नाही. त्यात त्यांचा दोष तो काय? ध्रुवावरच्या बर्फात तेव्हा कोणी छिद्रसुद्धा पाडलं नव्हतं. हिमयुगांचा अभ्यास करणाऱ्या अगासीपासून मिलान्कोविचपर्यंत सगळ्यांची चर्चा बर्फ कधी आला, कधी गेला आणि सूर्याचा त्यात हात किती, याची होती. किती उबेने गेला आणि जायला किती वेळ लागला, हे विचारायला हातात काही नव्हतं.

ते हातात आलं १९६६ साली, आणि आल्या आल्या फ्रीजरमध्ये गेलं.

ग्रीनलँडच्या वायव्येला अमेरिकन सैन्याने बर्फाच्या पोटात बोगदे खणून 'कॅम्प सेंच्युरी' नावाचा तळ वसवला होता. आत अणुभट्टीसुद्धा होती. जगाला सांगितलं संशोधन. मनसुबा बर्फाखाली क्षेपणास्त्रं दडवण्याचा. बर्फ सरकत राहिला, बोगदे आवळत गेले आणि तो बेत बारगळला. संशोधन मात्र खरोखरच झालं. सुमारे १,३९० मीटर खोल छिद्र थेट तळापर्यंत गेलं आणि खालची साडेतीन मीटरच्या आसपास गोठलेली मातीही वर आली. डॅनिश शास्त्रज्ञ डॅन्सगार्ड यांनी त्या बर्फातून लाखभर वर्षांचं हवामान वाचून काढलं. ती कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. मातीकडे कोण बघतो? ती आधी बफेलोला, मग कोपनहेगनला, काचेच्या बरण्यांत पडून राहिली. बिस्किटं ठेवतात तशा बरण्या. २०१७ साली फ्रीजर हलवताना मोजदाद झाली तेव्हा त्या पुन्हा नजरेस आल्या.

२०१९ साली व्हरमाँट विद्यापीठात अँड्र्यू क्राइस्ट ती माती धूत होते. पाण्यावर काळे ठिपके तरंगले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काटक्या, पानं, शेवाळ! कोळसा झालेलं नव्हे, परवा वाळल्यासारखं. मग वय काढायचं. वाळूचा कण गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्साराची ऊर्जा साठवत बसतो. उन्हात आला की खातं शून्यावर येतं. म्हणून ऊन न लागलेला गाभा अंधाऱ्या प्रयोगशाळेत तपासला. २०२३ साली उत्तर छापून आलं: या मातीने शेवटचं ऊन पाहिलं ते सुमारे ४ लाख १६ हजार वर्षांपूर्वी, अडतीस हजार इकडे-तिकडे.

फॉरवर्ड इथे थांबतो. विचार करायचा तो इथून पुढे.

तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता? दहा लाखांत २८० भागांच्या आसपास, म्हणजे कारखानदारीच्या आधी होता तितकाच. आज तो ४२०च्या वर आहे. बरं, सूर्याने काही विशेष तापवलं म्हणावं, तर तेही नाही. सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात ग्रीनलँडवरचं उन्हाळी ऊन याहून कडक होतं. तरीही त्या वेळी कॅम्प सेंच्युरीचा बर्फ टिकला. तळाशी तेव्हाचे थर आहेत. कडक उन्हाला न हटलेला बर्फ मवाळ उन्हाने गेला कसा? माझ्या मते उत्तर मुदतीत आहे. चार लाख वर्षांपूर्वीची ती ऊब लांबली, तीस हजार वर्षांच्या घरात.

वाड्यांच्या गावात राहिलेल्यांना हे समजवावं लागत नाही. मातीची भिंत वळवाच्या सरीने क्वचित पडते. श्रावणातली झड आठ-पंधरा दिवस लागली, की एके रात्री धप्पकन बसते. भुरभुरीने बसलेली भिंत दाखवून 'बघा, तेव्हा कुठे मुसळधार होती?' असं म्हणणाऱ्या घरमालकाच्या घरात मी तरी भाड्याने राहणार नाही.

'मुंबई उद्या बुडणार' छापणारेही हीच माती चुकीची वाचतात. झड एका रात्रीत काम करत नाही. त्या काळात ग्रीनलँडचा जो भाग वितळला त्याने जगाची समुद्रपातळी निदान १.४ मीटर चढवली असावी, असा त्याच अभ्यासाचा हिशेब आहे. संपूर्ण ग्रीनलँड वितळलं तर सातेक मीटर, पण त्याला शतकं नव्हे, सहस्रकं लागतील. घाबरवणाऱ्यांना ही मुदत अडचणीची वाटते, निश्चिंत राहणाऱ्यांना सोयीची. मला तीच सगळ्यांत जड वाटते. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा एक मोठा हिस्सा हजारो वर्षं हवेत राहतो. मुसळधार तर आपण लावलीच आहे. झडीचीही तजवीज होऊन बसली आहे.

काकांना यातलं निम्मं टाइप करून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे टिळकांचं चूक होतं म्हणतोस?"