'फॉर्च्युइटस' कुणासाठी?

ऑफिसच्या मेलांमध्ये हल्ली एक शब्द सारखा भेटतो: 'फॉर्च्युइटस'. क्लायंटने मुदत वाढवून दिली, फॉर्च्युइटस. रिलीजच्या आदल्या रात्री बग सापडला, तेही फॉर्च्युइटस. लिहिणाऱ्याला खरं तर 'लकी' म्हणायचं असतं, पण जरा इस्त्री करून.

मूळ अर्थ मात्र 'योगायोगाने घडलेलं' एवढाच. बरं की वाईट, यावर शब्द गप्प असतो. ब्रिटनच्या १९०६च्या सागरी विमा कायद्यात समुद्रावरच्या संकटांची व्याख्या करताना हेच विशेषण अपघातांना लावलंय. वारा-लाटांचा नेहमीचा मारा त्यातून वगळलाय. म्हणजे तिथे जहाज बुडणंसुद्धा फॉर्च्युइटस! पुढे 'फॉर्च्युनेट'शी नाद जुळतो म्हणून शुभ अर्थ चिकटला, आणि आता कोशांनीही तो नोंदवलाय.

भाषा बदलते, त्याला माझी हरकत नाही. (शुद्धतेच्या पहारेकऱ्यांचा मला कंटाळाच आहे.) पण इथे एक उपयोगी गोष्ट निसटते आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असं आपण म्हणतो, तेव्हा कावळ्याला श्रेयही देत नाही आणि दोषही. इंग्रजीतला जुना शब्द नेमकं हेच करायचा.

९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेच्या दुसऱ्या अणुबॉम्बचं पहिलं लक्ष्य कोकुरा शहर होतं. विमानाने तीन फेऱ्या मारल्या, पण खालचं काही नीट दिसेना. विमान नागासाकीकडे वळलं. नव्या अर्थाने कोकुराचं झाकलेलं आकाश फॉर्च्युइटस. मग नागासाकीसाठी त्याच आकाशाला काय म्हणायचं? जुन्या अर्थाचा एक शब्द दोन्ही शहरांना पुरला असता. कोकुरातल्या माणसाने सुटकेचा निःश्वास टाकू नये, असं मी म्हणत नाही. पण आपण वाचलो यात आपलं काही होतं, असं वाटायला सुरुवात कुठे होते, ते मला बघायचंय.

आमच्या कॉलेजात एका कंपनीने मुलाखती आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षराप्रमाणे घेतल्या. 'पी'पर्यंत येता येता जागा भरल्या. माझं आडनाव 'के'वरून. मुलाखत मी बरी दिली होती, हे खरं. पण 'एस'वाल्यांना ती बरी किंवा वाईट द्यायलाच मिळाली नाही. घरी पेढे आले. आई म्हणाली, "नशीब काढलंस!" काय वाक्य आहे बघा: नशीब हे कर्म, कर्ता मी. विहिरीतून पाणी काढावं तसं मी ते काढलेलं. यादीत शेवटी असलेल्या माझ्या मित्राला त्याच संध्याकाळी त्याच्या काकांनी सांगितलं, "अजून जरा तयारी कर."