लेकरांची सेवा



महाशिवरात्रीच्या यात्रेस मुक्ताईनगरला, म्हणजे जुन्या एदलाबादला, जे गेले असतील त्यांनी तापी-पूर्णेचा संगम पाहिला असेल. तेथेच चांगदेव गाव आहे. चौदाशे वर्षांचे योगी अशी ज्यांची ख्याती, ते चांगदेव पोरवयाच्या मुक्ताईपुढे नमले व तिला गुरू केले. ही कथा आपण कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो, आणि घरी आल्यावर नातवाने काही विचारले की म्हणतो, "गप बैस, तुला काय कळतं!" अहो, मग ऐकले तरी काय?

गावोगावी सायंकाळी देवळात मुलांचा हरिपाठ होतो, मृदंगाचा वर्ग भरतो. शिकविणारी मंडळी एक पैसा न घेता येतात, हे फार चांगले आहे. पण 'मी शिकवितो' एवढेच धरून बसलेला माणूस दोन महिन्यांत कंटाळतो. पोरे ऐकत नाहीत, म्हणतो. पोरे ऐकतात हो! तोंडाने हरिनाम चालले असून आपले लक्ष घड्याळाकडे आहे, हे आधी त्यांनाच कळते. आपली चाल चुकली की हसतात तीच. असा लख्ख आरसा मोठ्यांच्या सभेत कोण धरील? तेथे सगळे 'वा महाराज' म्हणणारे!

सखाराम महाराजांच्या अमळनेरात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या विखुरलेल्या वळकट्या आवरीत, खोल्या झाडीत, मळके कपडे धुऊन ठेवीत. उपदेश नाही, दंड नाही. पोरे लाजली आणि आपली कामे आपण करू लागली. ही गोष्ट सांगताना लोक मुले कशी सुधारली तेवढेच सांगतात. मला वाटते, त्या कामाने गुरुजींचे काय झाले तेही पाहावे. त्यांची आई १९१७ सालीच गेली होती. आईने जे हातांनी केले ते त्यांच्या हातांना परक्या लेकरांसाठी करावे लागले, तेव्हा ती माउली त्यांना पुन्हा, आतून कळली असावी. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनी लिहून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यातही श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो, अशा बेचाळीस रात्री. तोवर श्रोत्यापुढे मन उघडे करण्याची सवय त्यांना छात्रालयातल्या पोरांनी लावली होती.

आणि याच मृदू माणसाने १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले, ते विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. आपल्या संप्रदायात चोखोबांची पायरी आहे, त्यांचे अभंग आपण गातो, तरी दार बंद होते! ते उघडले, पण त्यासाठी एका शिक्षकाला प्राण पणाला लावावे लागले, ही आपणा वारकऱ्यांना खाली पाहायला लावणारी गोष्ट होय. पोरांची अंथरुणे उचलताना ज्याने हे कोणाचे, ते कोणाचे असे पाहिले नाही, त्याला देवळाच्या दाराशी तो भेद कसा सोसावा? मुक्ताईनेही रुसून बसलेल्या ज्ञानोबांच्या झोपडीची ताटी बाहेर उभे राहूनच उघडविली होती. ती तेव्हा लहानच होती.

लहान मुलाला जात ठाऊक नसते, ती आपण सांगतो. वर्गात शेजारी बसलेल्याचा टाळ ते सहज ओढून घेते, त्याच्या पुडीतले फुटाणे खाते. दोन वर्षांनी ते थबकू लागले, तर कोणी थबकविले ते घरीच शोधावे.

तेव्हा सेवेकरी मंडळींना एवढीच विनंती, की येत्या एकादशीला मुले बसली म्हणजे मोजण्यापूर्वी कोणत्या वस्तीचे लेकरू आले नाही ते पाहा. स्वतः जाऊन बोलावून आणा, आईबापाशी चार शब्द बोला. मृदंग एकच असेल, तर त्या दिवशी तो आधी त्याच्यापुढे ठेवा.