युद्ध संपेपर्यंत थांबा

१९१६ च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा. २४ तारखेला, ईस्टरच्या सोमवारी, पॅट्रिक पिअर्सने डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीसमोर आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. २८ तारखेला बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. २९ तारखेला डब्लिनचे बंडवाले शरण आले. त्याच दिवशी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर इंग्रजांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या.

या घटना कोणी ठरवून जुळवलेल्या नाहीत. पण राज्यकर्त्याच्या युद्धात जित लोकांनी काय करायचे, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी होता, आणि त्याची उत्तरे वेगवेगळी निघाली.

आयर्लंडला होमरूल मिळाले होते, ते कागदावर. १८ सप्टेंबर १९१४ रोजी त्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली आणि त्याच दिवशी तो युद्ध संपेपर्यंत तहकूब झाला. होमरूलवाद्यांचा नेता जॉन रेडमंड याने या शब्दावर विश्वास ठेवला आणि आयरिश तरुणांना फौजेत जाण्याचे आवाहन केले. युद्धभर सुमारे दोन लाख आयरिश माणसे इंग्रजी फौजेत होती. पिअर्स आणि जेम्स कॉनोली यांना हे थांबणे मान्य नव्हते. त्यांचे बंड सहा दिवसांत मोडले. डब्लिनचे पुष्कळ नागरिक तेव्हा बंडवाल्यांवर चिडलेलेच होते. मात्र ३ ते १२ मे या दहा दिवसांत सरकारने पंधरा जणांना गोळ्या घातल्या. जखमी कॉनोलीला उभे राहता येईना, म्हणून त्याला खुर्चीत बसवून मारले. देशाचे मन फिरले ते या गोळ्यांनी.

टिळक मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटले आणि दोन महिन्यांच्या आत युद्ध पेटले. ऑगस्टअखेरीस त्यांनी संकटकाळी सरकारला साहाय्य करण्याची भूमिका जाहीर केली. सहा वर्षांच्या कैदेने लोकमान्य मवाळ झाले, असे काहींना वाटले. मला तसे वाटत नाही. सहकार्याचा हात पुढे करताना त्यांनी मागणी मात्र क्षणभरही तहकूब केली नाही, आणि रेडमंडपेक्षा त्यांची वाट इथेच निराळी होते. लीगचे अध्यक्ष झाले माझगावचे जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. मागणीचे नाव आयर्लंडचे होते. काम करण्याची रीत इथलीच. बेळगाव, अहमदनगर अशा गावी मराठीत सभा, स्वस्त पुस्तिका, सभासदांची नोंदणी. वर्षभरात पुस्तिकांच्या ४७ हजार प्रती खपल्या आणि एप्रिल १९१७ पर्यंत १४ हजार सभासद झाले.

ही रीत महाराष्ट्राला कुठून आली, हे पाहायचे तर तळेगाव दाभाड्याला यावे लागते. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी माणशी वर्षाला एक पैसा मागायला सुरुवात केली. जत्रा, उत्सव, जिथे माणसे जमतील तिथे पैसा फंडाची पेटी जाई. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काचकाम शिकवू लागले. भट्टी लावणे, रस फुंकणे, साचा धरणे ही कामे शिकलेली मुले पुढे इतरत्र कारखान्यांत गेली. युद्ध पेटल्यावर ऑस्ट्रिया-जर्मनीहून येणारे काचसामान बंद पडले, तेव्हा देशी काच करता येते हे इथे आधीच सिद्ध झालेले होते. ज्याने एक पैसा दिला त्याचा त्या कारखान्यात वाटा होता, आणि मला वाटते, स्वराज्य ही आपल्या खिशाशी संबंध असलेली गोष्ट आहे, हे त्याला व्याख्यानाआधीच कळले होते.

तळेगावने सरकारचा दुसरा चेहराही पाहिला होता. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय याच गावी होते. राष्ट्रीय शिक्षणाची ही शाळा सरकारने १९१० मध्ये बंद पाडली, आणि विजापूरकर स्वतः एका लेखापायी तुरुंगात होते. म्हणजे 'थांबा' याचा अर्थ इथल्या माणसांना डब्लिनकडे न बघताही ठाऊक होता.

डब्लिनच्या बातम्या ताज्या असतानाच सरकारने टिळकांवर हात टाकला. २३ जुलै १९१६, त्यांचा साठीचा दिवस. एकीकडे एक लाखाची थैली, दुसरीकडे खटल्याची नोटीस: वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून २० हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन. थैली त्यांनी देशकार्याला दिली. मुंबई हायकोर्टात जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबरला जामिनाचा हुकूम रद्द झाला. होमरूल मागणे हा राजद्रोह नव्हे, असा अर्थ लोकांनी त्यातून घेतला आणि शाखा वाढल्या. डिसेंबरात लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार झाला.

कुतच्या शिपायांना मात्र कोणी काही विचारले नव्हते. हजारो भारतीय शिपाई कैदेत चालत गेले आणि पुष्कळजण घरी परतलेच नाहीत. टिळकांनी सैन्यभरतीला नकार दिला नाही, यावर आजही टीका होते. पण त्यांची अट स्पष्ट होती: लढायचे तर नागरिक म्हणून. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हे मांडू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवले, आणि टिळक सभा सोडून निघून गेले.

युद्ध संपले. मार्च १९१९ मध्ये भारताच्या वाट्याला रौलट कायदा आला. रेडमंड आधीच, मार्च १९१८ मध्ये, वारला होता. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचा धुव्वा उडाला आणि आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने घेतल्या. ज्या कायद्यासाठी त्याने आपली माणसे रणांगणावर धाडली, तो एक दिवसही अमलात आला नाही; १९२० मध्ये पार्लमेंटने तो रद्द केला.