तस्वीर कोणाची?

तस्वीर जायज की नाजायज, हा प्रश्न आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकला. खानदेशातल्या अनेक मुस्लिम घरांच्या भिंतीवर काबा शरीफ, मदिना शरीफ आणि आयतुल कुर्सी दिसते. आजी-आजोबांचा फोटो दिसत नाही. त्याच घरातल्या लोखंडी कपाटात मात्र पासपोर्ट असतो, मतदार ओळखपत्र असते आणि लग्नाचा जाडजूड अल्बमही असतो. भिंतीवर नको, कपाटात चालेल, अशी तडजोड समाजाने केव्हाच करून टाकली. आम्ही म्हणजे जळगाव-धुळ्याकडची चार-पाच हौशी माणसे. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी दुकानदार. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि सुटीच्या दिवशी खांद्यावर कॅमेरा. याच तडजोडीत आमची हौस वाढली.

तस्वीर बनवणाऱ्यांना कडक इशारा देणाऱ्या हदीसा सर्वांना ठाऊक आहेत. हजरत आयेशा यांच्या घरातला चित्रांचा पडदा काढायला लावला गेला आणि त्याच कापडाच्या पुढे उशा झाल्या, हेही ठाऊक आहे. कॅमेरा आल्यावर आलिमांपुढे नवा पेच उभा राहिला. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी असे मत मांडले, की फोटोत माणूस काही घडवत नाही, अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूची छाया फक्त धरून ठेवतो. आपल्याकडे देवबंदच्या परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांना हे पटले नाही. कॅमेऱ्याने काढलेली तस्वीर ही तस्वीरच, असे त्यांनी मानले. दोन्ही बाजूंना विद्वत्ता होती, तळमळ होती. हा वाद आम्ही येथे सोडवणार नाही, तेवढा आमचा अधिकारही नाही.

आम्हांला सांगायचे आहे ते वेगळे. तस्वीर ‘बनवावी का’ या प्रश्नावर आपण शंभर वर्षे बोललो, पण ती ‘कोणाची’ या प्रश्नावर फारसे बोललो नाही. बटण दाबणाऱ्याची, कॅमेरा विकत घेणाऱ्याची, की जिचा चेहरा आहे त्या व्यक्तीची? पहिला प्रश्न फोटो काढणाऱ्याच्या आखिरतचा आहे. दुसरा समोर उभ्या असलेल्या माणसाच्या इज्जतीचा आहे, आणि त्याचे उत्तर याच दुनियेत द्यावे लागते.

या प्रश्नाचा आणि कॅमेऱ्याच्या यंत्राचा संबंध फार जवळचा आहे. १८३९ साली दागेरची पद्धत जगापुढे आली, तेव्हा एका फोटोसाठी काही मिनिटे स्थिर राहावे लागे. अजिंठ्याच्या लेण्यांवर आयुष्य घालवणारा रॉबर्ट गिल आमच्या भुसावळला चिरनिद्रा घेत आहे. १८७९ साली तो वारला. त्याने रंगवलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे तो कॅमेऱ्याकडे वळला होता म्हणून त्याची दृष्टी शिल्लक राहिली. १८६४ साली लेण्यांच्या छायाचित्रांचे त्याचे पुस्तक निघाले. याच काळात इजिप्तचा लष्करी अधिकारी सादिक बे याने १८६१ साली मदिनेत आणि १८८० साली मक्केत कॅमेरा नेला. आज घराघरांत लागलेल्या काबा शरीफच्या फोटोंची परंपरा तिथून सुरू होते. अवजड पेटी, काचेच्या पट्ट्या, तिपाई, रसायने असा तो संसार होता. दगड आणि इमारत तिष्ठत राहते, तिला काही विचारावे लागत नाही. माणसाला मात्र उभे राहा म्हणून विनवावेच लागे. त्या मंद यंत्राने फोटोवाल्याला माणसाची गरज भासवली होती.

आमच्या हातात कॅमेरा आला तो रोलचा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. नशीब असेल तर सदतिसावा. रोल विकत घ्यायचा, धुवायला द्यायचा, प्रिंट काढायच्या, म्हणजे प्रत्येक वेळी बोट दाबताना खिशातून पैसे जात. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. रोल घरातल्या थंड कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवायचा. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते म्हणून सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकायच्या. ज्या घरात महिन्याचे रेशन मोजून येते तिथे छत्तीसचा हा हिशोब थट्टेचा नव्हता. म्हणून प्रत्येक फोटोआधी आम्ही थांबत असू, आणि तेवढ्यात समोरचा माणूस बोलू लागे.

धुळ्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये हे फार जाणवे. आत अंधुक उजेड, मागांचा खडखडाट, हवेत कापसाची बारीक तूस. चारशेचा रोल, पन्नास मिलिमीटरचे भिंग पूर्ण उघडलेले, तरी शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर येई. विणकर जरा हलला की चेहरा पुसला जाई. मग त्याच्याजवळ जायचे, सलाम करायचा, ‘चाचा, दो मिनट’ म्हणायचे. तो माग थांबवी, कपाळाचा घाम पुशी, कधी चहा मागवी, कधी सरळ ‘नको’ म्हणे. पंधरा दिवसांनी प्रिंट घेऊन पुन्हा तिथे जायचे हेही ठरलेले असे. काढलेला फोटो त्या माणसाच्या हातात द्यायचा, त्याच्या डोळ्यांदेखत तो पाहिला जायचा. लाजिरवाणे काही टिपले असते तर ते आम्हांला त्याच्यासमोर ठेवता आले नसते. ही सचोटी आमच्या अंगची होती असा दावा नाही. निम्मी सचोटी भिंगाच्या आणि रोलच्या मर्यादेची होती.

आता ती मर्यादा उरली नाही. आजच्या कॅमेऱ्याची संवेदनक्षमता सहा हजार चारशेवर नेली तरी अंधाऱ्या शेडमधला चेहरा स्वच्छ येतो. तीनशे मिलिमीटरच्या भिंगाने रस्त्यापलीकडून माणसाच्या डोळ्यांतले पाणी टिपता येते. शटरचा आवाजही बंद करता येतो. बोटभर कार्डावर हजारो फोटो मावतात आणि पुढच्या फोटोला एक पैसाही पडत नाही. हौशी माणसांचे बोलणे मात्र अजून सामानावरच अडकलेले असते. कोणते भिंग घ्यावे, जुना कॅमेरा केवढ्याला जाईल, नवे मॉडेल कधी येणार. नफ्सला खाद्य कमी पडत नाही, आणि इस्राफ म्हणजे काय हे जुम्माच्या खुतब्यात ऐकूनही हप्त्यावर घेतलेली बॅग कपाटात पडून राहते. पण पैशांची उधळपट्टी हा त्यातला लहान भाग. नव्या यंत्राने खरोखर काय विकले असेल, तर न विचारता पाहण्याची सोय. पूर्वी यंत्र आम्हांला विचारायला भाग पाडी. आता विचारणे आमच्या मर्जीवर आले, आणि मर्जीवर आले म्हणूनच तो नैतिक प्रश्न झाला.

कॅमेरा हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ खोली. आपण बोलतो तो ‘कमरा’ शब्दही पोर्तुगीजांमार्फत त्याच मुळातून आला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून उजेड कसा शिरतो, याचा सखोल अभ्यास अकराव्या शतकात इब्न अल-हैथम यांनी केला होता. खोलीचा विषय निघाला की आम्हांला सूरे नूर आठवते. परवानगी घेतल्यावाचून आणि घरातल्यांना सलाम केल्यावाचून दुसऱ्याच्या घरात शिरू नये, आणि परत जा म्हटले तर परतावे, अशी शिकवण तिथे आहे. माणसाचा चेहरा हेही त्याचे घर आहे. त्याच्या दुःखाला, दारिद्र्याला, नमाजातल्या तंद्रीला उंबरठा असतो. मोठे भिंग म्हणजे तो उंबरठा दुरूनच ओलांडण्याचे साधन.

‘नको’ म्हटल्यावर परतण्याची किंमतही द्यावी लागते. धुळ्यातल्या एका वृद्ध विणकरांनी आम्हांला फोटोला नकार दिला होता. चेहरा विलक्षण होता, खिडकीतून उजेडही छान येत होता. आम्ही कॅमेरा बॅगेत ठेवला. काही वर्षांनी त्यांची मुलगी आमचा पत्ता काढत आली. वडील वारले होते. घरात एकही नीट फोटो नव्हता, ओळखपत्रावरचा होता तो काळाठिक्कर. तुम्ही शेडमध्ये येत होता, अब्बांचा एखादा फोटो असेल, ही तिची आशा. नाही म्हणून सांगितले, कारणही सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अब्बाने मना किया था ना? तो फिर ठीक है.” तिच्या डोळ्यांत पाणी होते. तो फोटो चोरून काढला असता तर त्या दिवशी तिला आनंद झाला असता, हे नाकारता येत नाही. तरीही वडिलांचा शब्द राखला गेला याचे तिला जे वाटले, ते कोणत्याही प्रिंटमध्ये आम्ही देऊ शकलो नसतो.

मग विचारल्याशिवाय कॅमेरा कधीच उचलू नये का? येथे धुळेच आम्हांला दुसरी बाजू दाखवते. ६ जानेवारी २०१३ रोजी शहरात दंगल उसळली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मृत्युमुखी पडले. नंतर मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती बाहेर आल्या. त्यांत काही पोलीस मालमत्तेची नासधूस करताना दिसत होते, आणि त्यावरून काहींना अटकही झाली. टिपणाऱ्यांनी कोणाची परवानगी घेतली नव्हती, घेणे शक्यही नव्हते. कुरआनने ग्वाही लपवण्यास मनाई केली आहे. न्यायासाठी स्वतःच्या आणि आप्तांच्या विरोधातही साक्ष देण्यास सांगितले आहे. त्या दिवशीचा मोबाइल हा साक्षीदार होता.

पण याच जिल्ह्यात १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. मारहाण चालू असताना मोबाइल उचललेले हात होते आणि त्या चित्रफितीही पुढे गावोगाव फिरल्या. यंत्र तेच, न विचारणेही तेच. आरोपी शोधायला अशा चित्रफिती उपयोगी पडतात हे खरे. पण तपासासाठी देणे आणि करमणुकीसारखे पुढे ढकलणे यांत अंतर आहे. साक्षीदार आपण पाहिले त्याची जबाबदारी घेतो. तमाशबीन फक्त पाहतो आणि पुढे धाडतो.

मग फरक ओळखायचा कसा? आम्ही एक साधी कसोटी धरली आहे, आणि ती रोलच्या दिवसांतूनच आली आहे. हा फोटो त्या माणसाच्या समोर ठेवता येईल का? विणकराच्या हाती प्रिंट देता येते. त्याने आनंदाने घेतली तर ती त्याची. जुलूम करणाऱ्याचा फोटोही त्याच्यासमोर ठेवता येतो, कोर्टात, उघडपणे, आपल्या नावानिशी. मात्र रस्त्यात पडलेल्या माणसाचा, झोपलेल्या भिकाऱ्याचा, पडदा करणाऱ्या बाईचा बेसावध क्षणी टिपलेला फोटो त्यांच्यासमोर ठेवायला हात धजत नाही. तिथे कला, हौस, स्पर्धेतले बक्षीस यांतले कोणतेही कारण पुरत नाही. दुबळ्याला विचारावे, बलवानाविरुद्ध ग्वाही द्यावी आणि दोन्ही वेळा आपले नाव लपवू नये. चेहरा ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशोब ठेवणाऱ्याकडेच मागितला जातो.

ही कसोटी आता केवळ आम्हा चार-पाच हौशी माणसांची राहिलेली नाही. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. मय्यतीच्या घरात, दवाखान्याच्या खाटेपाशी, मदरशाच्या वर्गात, वलीम्याच्या बायकांच्या मांडवात तो वर होतो. तस्वीर जायज आहे का, हा प्रश्न ज्यांच्या घरांत वडीलधाऱ्यांनी इतक्या गंभीरपणे विचारला, त्या आपल्या समाजाला तर हे समजायला अवघड जाऊ नये. त्यांनी तस्वीरीला भारी वस्तू मानले होते. आपण ती वापरायचे ठरवले असेल, तर निदान तिचे वजन तरी विसरू नये. जळगाव-धुळ्याच्या आम्हा मित्रांत अजून एक रिवाज चालू आहे. वर्षातून एकदा, ईदच्या आधी, ज्यांचे फोटो काढले त्यांच्या प्रिंट काढून घरोघरी पोचवायच्या. कार्डावर हजारो मावले तरी दारात नेऊन द्यायच्या प्रिंट मोजक्याच असतात, आणि प्रत्येक दारात आधी सलाम करावा लागतो.