पाचामुखी परमेश्वर

पाचामुखी परमेश्वर असतो, असं आपण म्हणतो. पण त्या पाचांतला एक जण स्वतःच परमेश्वर निघाला तर उरलेल्या चौघांनी काय करावं, याविषयी आपले पूर्वज काही सांगून गेलेले नाहीत. त्यांच्या काळी बास्केटबॉल नव्हता, हे एक कारण असेल.

माझा भाचा संगणकावर बास्केटबॉल खेळतो. म्हणजे खेळत नाही, संघ चालवतो. खेळाडू घ्यायचे, पगार ठरवायचे, कोणाला उतरवायचं नि कोणाला बाकावर बसवायचं ते सांगायचं. सामना मग आपला आपण होतो. आमच्या कचेरीतले साहेब लोक हेच वर्षानुवर्षं संगणकाशिवाय करीत आले. या खेळात प्रत्येकाच्या कपाळी शंभरापैकी मार्क लिहिलेले असतात. भाच्यापाशी एक अठ्ठ्याण्णववाला आहे. "मामा, बाकीच्या जागी तुला उभं केलं ना, तरी आम्ही जिंकू!" असं तो कौतुकानं सांगतो.

आता खेळ रचणाऱ्यानं या अठ्ठ्याण्णववाल्याला किती मोकळं सोडावं? क्रिकेटमध्ये केवढाही थोर फलंदाज एका चेंडूत तंबूत जातो. इथं माणसं पाचच, आणि चेंडू पुन्हापुन्हा त्याच्याच हातात देता येतो. २ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेन या सातफुटी गृहस्थानं एका सामन्यात एकट्यानं १०० गुण केले. त्या हंगामात त्याची सरासरीच पन्नासाच्या वर होती. पण अजिंक्यपद गेलं बोस्टनकडे! तिथं बिल रसेल होता. त्याची ख्याती समोरच्याला अडवण्याची. आणि १३ हंगामांत ११ अजिंक्यपदं त्याच्या संघानं नेली. गुणांच्या रकान्यात थोरवी शोधणाऱ्यानं जपून असावं.

मायकेल जॉर्डनची गोष्ट तर आणखी गमतीची. १९९२-९३ च्या हंगामात त्याच्यासह शिकागोनं ८२ पैकी ५७ सामने जिंकले. मग तो निवृत्त झाला. पुढच्या हंगामात त्याच्यावाचून किती जिंकले असतील? ५५! म्हणजे त्या काळातल्या सर्वांत थोर खेळाडूची किंमत दोन सामने? नव्हे. ओळीनं तीनदा मिळालेलं अजिंक्यपद तेवढं गेलं. १९९५ मध्ये तो परतला, आणि १९९६ पासून पुन्हा ओळीनं तीनदा आलं.

मला विचाराल तर खेळातही हेच असावं. शेवटचा उंबरठा ताऱ्यानं ओलांडून द्यावा. उंबरठ्यापर्यंत मात्र सगळ्यांनी आपल्या पायांनी चालत यावं. नाहीतर आडवं उभं राहून दुसऱ्याची वाट मोकळी करणारा तो त्रेचाळीस मार्कांचा बापडा निव्वळ खांबच की! ज्या कामाला आकडा नाही ते संगणकाच्या लेखी घडतच नाही. (आपल्या लेखी तरी कुठं घडतं? पंगतीत वाढणाऱ्याचं नाव लग्नपत्रिकेत छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही.)

शिवाय, रुसव्याचे मार्क कुठल्या रकान्यात लिहायचे? १९९४ मध्ये जॉर्डन नसताना न्यूयॉर्कविरुद्ध एका सामन्यात बरोबरी झालेली, आणि उरले होते १.८ सेकंद. प्रशिक्षक फिल जॅक्सननं शेवटचा चेंडू टाकायचं काम टोनी कुकोचला दिलं. त्या वेळचा संघाचा तारा स्कॉटी पिपेन दिवाळसणाच्या जावयासारखा रुसला आणि बाकावरून उठेचना. कुकोचनं चेंडू टाकला, तो जाळीत पडला, शिकागो जिंकलं. विजयी संघाच्या यादीत पिपेनचंही नाव आहे.