पंचाची सही

'सी.आय.डी.' मालिकेत न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे यांच्या टेबलावर प्रेत आलं की जाहिराती संपेपर्यंत विष कोणतं ते कळलेलं असतं. 21 जानेवारी 1998 रोजी ही मालिका सोनी वाहिनीवर सुरू झाली. अमेरिकेतली 'सीएसआय' 2000 सालची, म्हणजे साळुंख्यांनी उचलेगिरी केली असं कुणी म्हणू नये. पडद्यावरची सी.आय.डी. मुंबईची, खऱ्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय मात्र पुण्यात आहे. नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातल्या सोनईच्या 2013 सालच्या तिहेरी हत्याकांडाचा तपास याच विभागाकडे गेला होता.

याच जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांचा मुद्देमाल लाखेचं सील लावून, हवालदाराच्या हाती, जिल्ह्याबाहेरच्या प्रयोगशाळेत जातो. मग सी.ए. म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या रिपोर्टची वाट पाहणं आलं. पण नुसत्या उशिराची तक्रार करून भागत नाही. या मालिकांनी आपल्या मनात एक समजूत रुजवली आहे: माणसं खोटं बोलतात, वस्तू खोटं बोलत नाहीत, तेव्हा केस, रक्त, बोटांचे ठसे मिळाले की माणसांची गरज संपली.

नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयात काय झालं ते पाहा. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत जुलै 2016 मध्ये शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. 31 साक्षीदार तपासले गेले, परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी जुळली. 18 तारखेला तिघे दोषी ठरले, 29 तारखेला त्यांना फाशीची शिक्षा झाली. या दोन तारखांच्या मध्येच, त्याच न्यायालयात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा निकाल लागला. एप्रिल 2014 मध्ये तिथे सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला होता. त्याला भरदिवसा शाळेच्या आवारातून मारत नेल्याचा आरोप होता. साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले.

दोन्ही खटल्यांतला पुरावा सारखा होता असं मी म्हणत नाही. पण कोपर्डीच्या साक्षीदारांच्या पाठीशी गाव होतं, 2016 च्या मराठा मूक मोर्चांतला समाज होता. खर्ड्यात ज्यांनी बोलायचं, त्यांना निकालानंतरही त्याच गावात नांदायचं होतं. हा फरक कुठल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार? मालिकेत इन्स्पेक्टर दया दार तोडतो आणि आत गुन्हेगार सापडतो. इथे दार उघडंच होतं; बघणारे होते, असं फिर्याद सांगत होती.

1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुभा आहे. चांगलंच आहे. रक्ताचा डाग शास्त्रशुद्ध उचलला जाईल, चित्रीकरणही होईल.

तरी तो डाग इथलाच, हा चाकू याच शेतातला, हे सांगायला पंच लागतोच. बहुधा चहाच्या टपरीवरून बोलावून आणलेला कुणीतरी. पंचनाम्यावर सही करून तो ज्वारी काढायला निघून जातो. काही वर्षांनी समन्स येतं. शर्टाला इस्त्री करून तो पहाटेच्या एसटीनं नगरला येतो. कोर्टाच्या व्हरांड्यात, बाकाच्या दुसऱ्या टोकाला, आरोपीचा चुलता बसलेला असतो. त्याची विहीर याच्या बांधाला लागून आहे. चुलता विचारतो, "जेवलास का?" आतून पंचाच्या नावाचा पुकारा होतो.